स्त्रियांना गुरुदीक्षा का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात, कन्फर्मेशनच्या वर्गात, मिश्र विवाहाच्या बोलण्यांत, ऑफिसात डबा खाताना हा प्रश्न निघतोच. गोराई-मनोरीचे कोळी, वांद्र्याचे ईस्ट इंडियन, वसईहून बोरिवली-दहिसरला आलेली कुटुंबं, नगर-मराठवाड्यातून येऊन मुंबईत स्थिरावलेली घरं, सगळीकडे तो विचारला जातो. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘पहिल्यापासून असंच आहे.’ एवढ्यावर आजच्या मुलींचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. कॅथलिक चर्चची या विषयावरची शिकवण मला मान्य आहे. ती का मान्य आहे हे इथे सांगते, आणि तिच्या नावावर जी चुकीची कारणं खपवली जातात त्यांचाही समाचार घेते.

एका वाक्यात सांगा: स्त्री फादर का होऊ शकत नाही?

कारण याजकपद, म्हणजे फादरचं पद, ख्रिस्ताने स्थापन केलं, ते त्याने बारा पुरुषांना दिलं, त्यांनी पुढे पुरुषांनाच दिलं, आणि ही रीत बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही असं चर्च मानतं.

या उत्तरात स्त्रीच्या पात्रतेबद्दल एक अक्षर नाही, हे नीट लक्षात घ्या. चर्च स्वतःच्या अधिकाराची मर्यादा सांगत आहे. विश्वस्त ट्रस्टचा कारभार कितीही वर्षं पाहोत, मूळ दस्तातलं कलम त्यांना खोडता येत नाही. पोप आणि बिशप साक्रामेंतांच्या (बाप्तिस्मा, मिस्सा, लग्न अशा पवित्र संस्कारांच्या) बाबतीत स्वतःला असेच विश्वस्त समजतात.

हे कुठे लिहिलेलं आहे?

चर्चच्या कायद्याचं कलम 1024 म्हणतं की बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषालाच गुरुदीक्षा (याजक होण्याचा विधी) वैधपणे मिळते. कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या) परिच्छेद 1577 मध्ये तेच सांगून कारणही दिलं आहे.

सविस्तर मांडणी मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतली आहे, कारण त्याआधी हा प्रश्न कॅथलिक चर्चमध्ये इतक्या जोराने कोणी विचारला नव्हता. 1976 साली पोप पॉल सहावे यांच्या संमतीने ‘इंतेर इन्सिन्योरेस’ हा जाहीरनामा निघाला. (हेच पोप 1964 च्या डिसेंबरमध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.) त्यानंतर 22 मे 1994 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘ओर्दिनातिओ साचेर्दोतालिस’ या छोट्याशा पत्रात स्पष्ट लिहिलं की स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा कोणताही अधिकार चर्चला नाही आणि सर्व श्रद्धावंतांनी हा निर्णय कायमचा मानावा. 1995 मध्ये कार्डिनल रात्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या व्हॅटिकनमधल्या श्रद्धाविषयक खात्याने खुलासा केला की ही शिकवण श्रद्धेच्या ठेव्याचा भाग आहे.

येशूने बारा पुरुष निवडले ते त्या काळच्या चालीरीतींमुळे. आज तो मुंबईत असता तर स्त्रियाही निवडल्या असत्या, नाही का?

हा सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप आहे, म्हणून सावकाश पाहू.

येशू चालीरीतींना किती जुमानत होता? शोमरोनी स्त्रीशी तो विहिरीवर एकटा बोलला, तेव्हा त्याच्या शिष्यांनाही नवल वाटलं (योहान 4:27). कोड असलेल्यांना त्याने हात लावला, जकातदारांच्या पंगतीला बसला, शब्बाथ दिवशी रोगी बरे केले. स्त्रिया त्याच्याबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि स्वतःच्या पैशांतून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या (लूक 8:1-3). स्त्रीच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं अशा समाजात आपल्या पुनरुत्थानाची पहिली साक्ष त्याने मग्दालिया मरियेकडे सोपवली. लोक काय म्हणतील या भीतीने बारा जणांत एखादं स्त्रीचं नाव गाळणारा हा माणूस नव्हे.

बरं, पुढे चर्च ज्या ग्रीक-रोमन शहरांत पसरलं तिथे पुजारिणी ही नेहमीचीच गोष्ट होती. रोममध्ये व्हेस्टा देवीच्या कुमारिका होत्या, डेल्फीला देववाणी सांगणारी पिथिया होती, इसिसच्या देवळांत स्त्रिया सेवा करत. लोकरीतीशी जुळवून घ्यायचं असतं तर तिथे स्त्री याजक नेमणंच सोपं गेलं असतं. तरी नेमले नाहीत.

यहूदाची जागा भरताना काय झालं तेही पाहा. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. माडीवरच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्यांत पवित्र मरिया होती, इतर स्त्रियाही होत्या. ख्रिस्ताला तिच्याइतकं जवळून कोणी ओळखत होतं? पण पेत्राने आपल्याबरोबर वावरलेल्या पुरुषांपैकी एक निवडायला सांगितलं, दोन नावं पुढे आली आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाने निघाली. मरियेची थोरवी सगळ्या प्रेषितांहून मोठी असं आपण मानतो, आणि ती याजक नव्हती. स्त्री कमी म्हणून याजक नाही, हा तर्क इथेच संपतो.

आता याला एक चांगलं उत्तर मिळतं आणि ते टाळून चालणार नाही: बारा जण यहुदीही होते, मग सगळे फादर यहुदी का नसतात? कारण तो दरवाजा प्रेषितांनी स्वतः उघडला. परराष्ट्रीयांना घ्यावं की नाही यावर यरुशलेमात वाद झाला, निर्णय झाला (कृत्ये 15), आणि ग्रीक असलेला तीत पौलाचा सहकारी बनला. लग्न झालेले चालतील की नाही हाही प्रश्न तेव्हा अडला नाही, खुद्द पेत्राला सासू होती. याजकपदाच्या बाबतीत स्त्रियांसाठी असं पाऊल प्रेषितांनी उचलल्याचं नव्या करारात दिसत नाही, नंतरच्या पिढ्यांतही नाही.

एवढ्याने सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. नव्या कराराच्या ओळींवरून एकट्याने हा प्रश्न सुटत नाही, असं कॅथलिक बायबल अभ्यासकांतलेही बरेच जण म्हणतात. पण आपण फक्त पुस्तकावर चालणारे नाही. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या प्राचीन चर्चने, एकमेकांशी इतर बाबतींत भांडत असतानाही, ही रीत एकमताने सांभाळली. त्या एकमताला मी वजन देते.

मग फीबी, युनिया, प्रिस्किल्ला या कोण होत्या?

त्या होत्या आणि मोठ्या होत्या. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घरी काढून वाचा. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, अपुल्लोसला अधिक नीट शिक्षण देणारी प्रिस्किल्ला, प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया. त्यांनी शिकवलं, मंडळ्या घरात जमवल्या, तुरुंग भोगला. मिस्साबलिदान अर्पण केल्याचा किंवा हात ठेवून दीक्षा दिल्याचा उल्लेख मात्र नाही. आपल्या प्रवचनांतून ही नावं इतकी कमी ऐकू येतात याचं मला वाईट वाटतं.

‘फादर ख्रिस्ताच्या जागी उभे असतात’ म्हणजे काय?

मिस्सात अर्पणाच्या क्षणी फादर काय म्हणतात ते ऐका. ‘ख्रिस्त म्हणाला की हे त्याचं शरीर आहे’ असं ते म्हणत नाहीत. ‘हे माझं शरीर आहे’ असं म्हणतात. कुमसारातही (पापांची कबुली ऐकताना) ‘देव तुला क्षमा करो’ एवढ्यावर न थांबता ‘मी तुझ्या पापांची क्षमा करतो’ असं म्हणतात. ते ‘मी’ त्या फादरचं नसतं. मंडळीचं मस्तक असलेला ख्रिस्त त्या माणसाच्या तोंडून बोलतो. त्या वेळी याजक स्वतःच एक खूण बनतो.

साक्रामेंतात खुणेला फार महत्त्व आहे, आणि ती खूण आपण निवडत नाही. बाप्तिस्मा पाण्यानेच होतो. मिस्साला गव्हाची भाकर आणि द्राक्षारस लागतो. आमच्या किनाऱ्यावर रोजच्या ताटात तांदळाची भाकरी असते, गहू नंतर आला. तरी तांदळाची भाकरी आणि नारळाचं पाणी घेऊन मिस्सा होत नाही. म्हणून तांदूळ गव्हापेक्षा हलका ठरतो का? ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाला जे हातात घेतलं ते आपण घेतो, एवढंच.

खूण पुरुषाचीच का, याचं उत्तर बायबलमधल्या वधू-वरांच्या भाषेत आहे. होशेय आणि यशया या संदेष्ट्यांनी देवाला पती आणि इस्राएलला पत्नी म्हटलं. येशूने स्वतःला वर म्हटलं (मार्क 2:19). इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्त चर्चवर पतीसारखं प्रेम करतो, तिच्यासाठी स्वतःला देऊन टाकतो. प्रकटीकरणात शेवटी लग्नच लागतं. मिस्सा हे याच दानाचं स्मरण आणि सान्निध्य आहे: वर आपलं शरीर वधूसाठी देतो. वेदीवर उभा राहणारा त्या वराची खूण असतो. खाली बसलेले आपण सगळे, पुरुषसुद्धा, या चित्रात वधूच्या बाजूला असतो.

‘ख्रिस्त तर यहुदी होता, आरामाईक बोलायचा, त्याचंही साम्य हवं का?’ असं विचारलं जातं. नको. वंशाला, रंगाला, भाषेला बायबलने असा अर्थ कुठे दिलेला नाही. वर आणि वधूला दिला आहे.

हा मुद्दा गणितासारखा पुरावा नाही, हेही सांगितलं पाहिजे. ‘इंतेर इन्सिन्योरेस’ स्वतः म्हणतो की आधी ख्रिस्ताची कृती आणि चर्चची रीत, मग ती कशी शोभते हे समजून घेण्यासाठी हे विवेचन. मला मात्र हेच विवेचन सगळ्यात जास्त भावतं. ते समजलं तेव्हा मला मिस्सा अधिक कळला.

‘ख्रिस्तात पुरुष नाही की स्त्री नाही’ असं पौल म्हणतो (गलती 3:28). त्याचं काय?

ते वाक्य बाप्तिस्म्याबद्दल आहे, आणि बाप्तिस्म्याने मिळणारी योग्यता स्त्री-पुरुषांची अगदी सारखी आहे. पण याजकपद हा बाप्तिस्म्याने मिळणारा हक्क नाही. तो पुरुषांचाही हक्क नाही. गोरेगावच्या सेमिनरीत जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला दीक्षा मिळतेच असं नाही. बिशप ‘नाही’ म्हणाले तर तो दाद मागून फादर होऊ शकत नाही. ही बोलावणूक आहे, आणि ती चर्चने ओळखावी लागते.

‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं’ हेच खरं कारण ना?

नाही. पौलाच्या त्या ओळी (1 करिंथ 14:34, 1 तीमथ्य 2:12) कोणी तोंडावर फेकल्या तर करिंथकरांस पहिल्या पत्रातलाच अकरावा अध्याय त्याला दाखवा. तिथे स्त्रिया मंडळीत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौल गृहीत धरतो. आपल्या चर्चमध्ये दर रविवारी स्त्रिया वाचन करतात. ख्रिस्ताची निवड आणि चर्चची अखंड रीत हा पाया आहे, या ओळी नव्हेत.

पण जुने धर्मपंडित स्त्रीला कमीच लेखत होते, हे खरं ना?

खरं आहे. काही चर्चपित्यांच्या लिखाणात स्त्रीबद्दल पूर्वग्रह दिसतात. संत थॉमस अक्वायनससारख्या महापंडितानेही आरिस्टॉटलकडून आलेली चुकीची जीवशास्त्रीय समजूत उचलली. व्हॅटिकनचा 1976 चा जाहीरनामा हे पूर्वग्रह मोकळेपणाने मान्य करतो. चुकीच्या कारणाने धरलेली गोष्ट चुकीचीच असेल असं नसतं, पण ती कारणं आज कोणी पुन्हा उगाळू नयेत.

मासिक पाळीमुळे स्त्रीला वेदीवर जाता येत नाही का?

हे मी अनेक आयांच्या, आज्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते ठामपणे खोडून काढते. कॅथलिक शिकवणीत पाळीचा आणि गुरुदीक्षेचा काडीमात्र संबंध नाही. पाळीच्या दिवसांत मिस्साला जा, कम्युनियन घ्या, वाचन करा, वेदीची फुलं लावा. बारा वर्षं रक्तस्राव असलेल्या स्त्रीने गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावला (मार्क 5:25-34). विटाळ झाला म्हणून तो मागे सरला नाही. सगळ्यांसमोर त्याने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली आणि तिच्या श्रद्धेचं कौतुक केलं. आजूबाजूच्या समाजातून आपल्या घरांत शिरलेला हा विटाळ ख्रिस्ताच्या नावावर कोणी चिकटवू नये.

व्यावहारिक कारणं तरी आहेत ना? रात्री-अपरात्री आजाऱ्यांकडे जाणं, बदल्या, बाळंतपण?

ही कारणं मला मुळीच पटत नाहीत. आपल्या सिस्टर्स इस्पितळांत रात्रपाळी करतात, डहाणू-तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांत काम करतात, बदली आली की पेटी भरून निघतात. मुंबईत नर्स, पोलीस, डॉक्टर असलेल्या स्त्रिया शेवटच्या लोकलने घरी येतात. सामर्थ्याचा प्रश्न असता तर तो केव्हाच निकालात निघाला असता.

व्यवहाराच्या बाजूने दोन गोष्टींना मात्र मी महत्त्व देते. पहिली, साक्रामेंताची खात्री. मरणाच्या दारातल्या माणसाला पापक्षमा मिळाली की नाही याची शंका राहता कामा नये. ज्या दीक्षेच्या वैधतेवर सगळ्या चर्चचं एकमत नाही ती दिली, तर त्यापुढचा प्रत्येक मिस्सा आणि प्रत्येक कुमसार शंकेत जातो. दुसरी, एकी. ऑर्थोडॉक्स चर्चेसशी हजार वर्षांची फूट सांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांचीही रीत हीच आहे, आणि रोमने एकट्याने ती मोडली तर ती दरी बुजवणं फार अवघड होईल.

पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करतात. आपण त्यांच्याही मागे का?

पुण्यात शंकरराव थत्ते यांनी आणि ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं. आज मुंबईतही त्या पूजा सांगतात, लग्नं लावतात, आणि हे काम आदराने पाहण्यासारखं आहे. पण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होते आहे. पौरोहित्याला मंत्र आणि विधी यांचं शिक्षण लागतं आणि ते घेतलेल्या व्यक्तीला ते करता येतं. आपल्याकडे धर्मशास्त्राचं कितीही शिक्षण घेतलं तरी कोणी, पुरुषही, फादर होत नाही. बिशपने हात ठेवून दिलेल्या दीक्षेने होतो, आणि ती साखळी प्रेषितांपर्यंत मागे जाते.

हाजी अली आणि शनिशिंगणापूरसारखं इथेही कोर्टात जाता येईल का?

2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यात स्त्रियांना प्रवेश दिला. त्याच वर्षी शिंगणापूरचा चौथराही त्यांना खुला झाला. ते प्रश्न उपासकांच्या प्रवेशाचे होते. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना कुठेही प्रवेश नाकारलेला नाही. वेदीपाशीही त्या सेवा करतात. साक्रामेंत कोणी द्यावा हा श्रद्धेचा अंतर्गत प्रश्न आहे, आणि धार्मिक बाबींत आपला कारभार पाहण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 26 ने धर्मसंप्रदायांना दिलं आहे.

फादरांनी लग्न न करणं आणि स्त्रियांना दीक्षा नसणं, नियम एकच ना?

दोन्ही अगदी वेगळे आहेत. ब्रह्मचर्य ही लॅटिन चर्चची (रोमच्या रीतीने चालणाऱ्या कॅथलिकांची) शिस्त आहे. पूर्वेकडच्या अनेक कॅथलिक चर्चेसमध्ये विवाहित पुरुषांना दीक्षा मिळते, आणि अँग्लिकन चर्चमधून आलेले काही विवाहित पाळक आज कॅथलिक फादर आहेत. पोप ही शिस्त उद्या बदलू शकतात. दुसरी गोष्ट आपल्या हाती नाही असं चर्च म्हणतं.

मुंबईतल्या इतर चर्चेसमध्ये काय रीत आहे?

फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे ती मंडळी 1970 साली नागपूरला स्थापन झाली, आणि ती स्त्रियांना दीक्षा देते. मेथडिस्टही देतात. चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 साली पुष्पा ललिता या बिशप झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडने 1994 मध्ये पहिल्या स्त्रियांना प्रीस्ट केलं. केरळातून आलेल्या ऑर्थोडॉक्स मंडळींत विवाहित याजक आहेत, स्त्रिया नाहीत. प्रोटेस्टंट मंडळ्या पाळकपदाकडे प्रामुख्याने वचनाची सेवा म्हणून पाहतात, त्यामुळे त्यांचा निर्णय त्यांच्या समजुतीला धरून आहे. त्यांच्या पाळकबाईंबद्दल कुत्सितपणे बोलणाऱ्यांना मी थांबवते.

मग स्त्रिया नेमकं काय काय करू शकतात?

वाचन, कम्युनियन देणं, आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर नेणं, धर्मशिक्षण, गायन, रिट्रीट देणं, सेमिनरीत शिकवणं, चर्चच्या न्यायालयात न्यायाधीश होणं. जीव धोक्यात असेल तर कोणतीही स्त्री बाप्तिस्मा देऊ शकते. लग्नाच्या साक्रामेंतात तर वधू आणि वर हेच एकमेकांना साक्रामेंत देतात. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर स्त्रियांना खुली केली. 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या, आणि सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी व्हॅटिकन सिटीच्या कारभाराच्या.

विद्वत्तेलाही कुंपण नाही. सिएनाची कॅथरीन, आविलाची तेरेसा, लिझ्यूची तेरेझ आणि हिल्डेगार्ड या चौघी चर्चच्या आचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) आहेत. आपल्या मराठीत पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल भाषांतरित केलं. त्या कॅथलिक नव्हत्या, पण बायबल वाचणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला त्यांचं नाव ठाऊक असायला हवं.

आणि संतपण? वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीला क्रुसावर मेला, 1862 साली संत जाहीर झाला. भारतात जन्मलेला तो पहिला संत, आणि तो फादर नव्हता, फ्रान्सिस्कन ब्रदर होता.

पण निर्णय शेवटी पुरुषच घेतात. हा सत्तेचा प्रश्न नाही का?

इथे माझी तक्रार आहे आणि मी ती लपवत नाही. याजकपद पुरुषांना राखलेलं आहे, कारभार नाही. पॅरिशच्या अर्थसमितीत, शाळांच्या व्यवस्थापनात, बांधकामाच्या निर्णयांत स्त्री नको असं चर्चच्या कोणत्याही शिकवणीत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2010 साली स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं. तरी सणाच्या दिवशी बायकांनी चहा करायचा आणि पुरुषांनी माईकवर बोलायचं हे चित्र अजून दिसतं. जे फादर स्त्रियांना विचारत नाहीत, सिस्टरांना हाताखालच्या माणसासारखं वागवतात, ते या शिकवणीला सगळ्यात जास्त बदनाम करतात. ख्रिस्ताने बारा जणांना अधिकार दिला त्याच रात्री त्यांचे पाय धुतले.

पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहा. हिशेब मागा. त्यासाठी गुरुदीक्षा लागत नाही.

स्त्रिया डीकन होतील का?

डीकन म्हणजे फादरच्या खालचं दीक्षित पद. हा दरवाजा अजून पूर्ण बंद नाही. पहिल्या शतकांत स्त्री डीकन होत्या. त्यांना मिळणारी दीक्षा साक्रामेंताची होती की आशीर्वादाची, यावर वाद आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 आणि 2020 साली अभ्यासासाठी आयोग नेमले, आणि 2024 च्या सिनडच्या (चर्चच्या जागतिक सभेच्या) अंतिम दस्तात हा प्रश्न खुला ठेवला गेला. मुंबईच्या आर्चडायोसिझमध्ये विवाहित पुरुष कायमस्वरूपी डीकन आहेत. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, प्रवचन करतात, पण मिस्सा अर्पण करत नाहीत. उद्या चर्चने स्त्रियांबद्दल होकार दिला तर मला आनंदच होईल.

पुढचा एखादा पोप ही शिकवण बदलेल?

डीकनबद्दल निर्णय होऊ शकतो. फादरबद्दल, चर्चच्या स्वतःच्या शब्दांनुसार, नाही. पोप फ्रान्सिस अनेक बाबतींत मोकळे होते, पण या प्रश्नावर त्यांनी जॉन पॉल यांच्याकडेच बोट दाखवलं.

मला हे पटत नाही. मी पाप करते आहे का?

प्रश्न पडणं हे पाप नाही. अडचण वाटणं आणि शिकवण झुगारणं यांत अंतर आहे. वाचा, विचारा, आपल्या फादरांशी बोला, आणि त्यांनी ‘असंच असतं’ म्हटलं तर दुसऱ्या कोणाला तरी विचारा. मिस्सा मात्र सोडू नका.

माझी मुलगी म्हणते, ‘मला फादर व्हायचंय.’ तिला काय सांगू?

हसू नका, आणि रागावूही नका. आधी विचारा, नेमकं काय करावंसं वाटतं? लोकांना ख्रिस्ताबद्दल सांगावंसं, आजाऱ्यांजवळ बसावंसं, वेदीजवळ राहावंसं? संत तेरेझनेही आपल्याला याजक व्हावंसं वाटतं असं लिहून ठेवलं आहे, आणि चर्चने तिला आचार्य केलं. मुलीला आत्ताच वेदीसेवेत घाला, वाचनाला उभी करा, मोठी झाल्यावर धर्मशास्त्र शिकू द्या. एखाद्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांशी गाठ घालून द्या. आणि ‘तू मुलगी आहेस म्हणून कमी आहेस’ असं तिला कोणी सांगितलं, मग तो कोणी का असेना, तर तिथल्या तिथे तिच्या बाजूने बोला. तिला दुःख होईल, ते होऊ द्या. त्या दुःखाची समजूत लगेच घालता येत नाही.

ओळखीच्यांच्या मंडळीत पाळकबाई उपासना घेतात. आम्ही गेलो तर चालेल?

लग्न, मर्तिक, प्रार्थना यांना जरूर जा, गाणी म्हणा, वचन ऐका. तिथली भाकर आणि द्राक्षारस मात्र कॅथलिकांनी घेऊ नये. हा नियम पाळक स्त्री असो वा पुरुष, दोघांनाही सारखाच लागू आहे. आणि तुमचा रविवारचा मिस्सा त्याने भरून निघत नाही, तो वेगळा करा.